पेठेतले हौद

रविवार सकाळ, सात वाजलेत. लक्ष्मी रस्त्यावरची शटरं अजून खाली आहेत. पेठा बघायच्या तर हीच वेळ. दहानंतर मान वर करून एखादा वाडा बघायला गेलात, की मागून हॉर्न ठरलेला.

आज आपण हौद शोधतोय. फडके हौद, काळा हौद, नाना हौद, बदामी हौद... रिक्षावाल्याला नाव सांगा, बरोबर सोडेल. पाण्याचं मात्र विचारू नका. साततोटी म्हटलं की आता पोलीस चौकीच आठवते. सात तोट्या कोण मोजतंय!

हे पाणी यायचं कात्रजहून. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव बांधवले आणि जमिनीखालून दगडी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. नळ कसला, भुयारच. माणूस आत चालत जाईल एवढं. कात्रज उंचावर, पुणं उताराला, एवढ्या भांडवलावर पाणी पेठापेठांतून खेळायचं. आत कोंडलेली हवा बाहेर पडायला वाटेत उच्छ्वास ठेवलेले. पेठेत कुठे दगडी मनोऱ्यासारखं काही दिसलं, तर पटकन हात जोडू नका. ते देऊळ नाही, नळाचं नाक आहे.

पाणी उतारानं सगळीकडे पोचलं. पण हौदात घागर कोणी बुडवायची, ते जात ठरवायची.

म्हणून आता गंज पेठ, फुलेवाडा. 1868 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. सार्वजनिक नव्हे, घरचा. अंगण बघा केवढंसं आहे; इथे कोण पाणी भरून गेलं, हे अख्ख्या आळीला दिसत असणार.

तिथून परत बुधवार पेठेत, फरासखान्यापाशी. हे ठिकाण मी कॉलेजात असताना शेकडो वेळा ओलांडलंय, एकदाही न थांबता. जोतिरावांचे स्नेही आणि डॉक्टर, विश्राम रामजी घोले. घोले रोड त्यांच्याच नावाचा. त्यांची लेक काशी, लाडानं बाहुली. 1877 साली, ऐन दुष्काळात, ती लहानपणीच गेली. तीन वर्षांनी, 1880 मध्ये, डॉक्टरांनी तिच्या आठवणीसाठी हौद बांधला, आणि तो सगळ्या जातींच्या लोकांसाठी.

हौदाला तिचं घरातलंच नाव मिळालं: बाहुलीचा हौद. पत्ता सांगताना मात्र फरासखानाच सांगावा लागतो.