रिसीव्हर घेताना पैसे कुठे घालावेत?

नमस्कार श्रोतेहो. होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज आणि शक्ती पुरवणारं यंत्र, घ्यायला निघालं की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती वॉटचा?" खोक्यावरही तोच आकडा सगळ्यांत ठळक छापलेला असतो. माझं म्हणणं, त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजूच नका. का, ते सांगतो.

समजा, खोक्यावर लिहिलंय, दर चॅनलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला, १५० वॉट. हे मोजलं कसं, ते मात्र बारीक अक्षरात. पुष्कळदा एकच चॅनल चालू, ६ ओहमचा स्पीकर धरलेला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्‌झचा एकच सूर, आणि विकृती, म्हणजे आवाजाची मोडतोड, १० टक्क्यांपर्यंत चालवून घेतलेली. इतका फाटका आवाज घरात कोण ऐकणार? तेच यंत्र दोन चॅनल चालू ठेवून, ८ ओहमवर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झच्या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृतीच्या आत मोजलं, तर ८०-९० वॉटच भरू शकतं. पाच-सात चॅनल एकदम जोर लावू लागले की त्याहूनही कमी, कारण सगळ्यांना पोसणारा वीजपुरवठा एकच. बडा घर पोकळ वासा! अमेरिकेत तर अँप्लिफायरच्या जाहिरातींतल्या वॉटवर १९७४ सालीच सरकारी नियम करावा लागला. तेव्हा दोन रिसीव्हरची तुलना करायची तर दोन्हीकडचा ८ ओहमचा, दोन चॅनलचा, पूर्ण पट्ट्याचा आकडा शोधा. तो कुठेच दिला नसेल, तर काय समजायचं ते समजा.

आता ८० वॉट आणि १०० वॉट यांत ऐकायला फरक किती? जेमतेम १ डेसिबल. शक्ती दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. उलट स्पीकरकडे पाहा. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठा आवाज देतो ते माप, ८५ डेसिबलऐवजी ८८ असेल, तर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. आणि नेहमीच्या पातळीवर चित्रपट बघताना संवादांना एखादा वॉटही पुरतो. स्फोटाबिफोटाच्या क्षणी तेवढी जास्तीची गरज. त्यातही ८० हर्ट्‌झखालचा सगळा खर्ज सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या खास स्पीकरकडे, वळवला की रिसीव्हरवरचा बराच भार उतरतो, कारण बहुतेक सबवूफरमध्ये स्वतःचा अँप्लिफायर असतो. खोली फार मोठी असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील, तर मात्र विचार करा; रिसीव्हरला ४ ओहम चालतात का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

चॅनलचंही तेच. आधी खोलीत स्पीकर किती बसणार ते ठरवा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ७.१ मधले, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीतले, मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे? अशा खोलीत ५.१ उत्तम. सात चॅनलच्या बहुतेक रिसीव्हरमधले उरलेले दोन चॅनल छताकडच्या स्पीकरना देता येतात, यालाच ५.१.२ म्हणतात, आणि डॉल्बी अ‍ॅटमॉसची वरून आवाज येण्याची गंमत तेवढ्यातही कळते. नऊ किंवा अकरा चॅनलचं यंत्र आणून पाचच स्पीकर जोडणारे लोक आहेत. हौसेला मोल नाही, पण मग स्वस्त पडलं असं तरी म्हणू नये.

मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते रूम करेक्शनवर. रिसीव्हरसोबत छोटा मायक्रोफोन येतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा; रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज काढतो, अंतर आणि पातळी मोजतो आणि खोलीमुळे जिथे खर्ज फुगतो तिथे तो दाबतो. भिंतींमुळे खर्जात १० डेसिबलचे चढउतार सहज होतात. वॉट वाढवून ते जात नाहीत. ऑडिसी, डिराक, यपाओ ही त्या प्रणालींची नावं. ऑडिसीतही पायऱ्या आहेत: साधी मल्टीईक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी३२, आणि खर्जावरची पकड तिसरीची सगळ्यांत चांगली. डिराकचा परवाना काही यंत्रांत किमतीतच येतो, काहींत वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. हे आधी विचारा. दुसरी कामाची गोष्ट प्री-आउट, म्हणजे शक्ती वाढवण्याआधीचा आवाज बाहेर देणाऱ्या जोडण्या. मागच्या बाजूला ते असतील, तर पुढे शक्ती कमी वाटल्यास वेगळा अँप्लिफायर जोडता येतो, रिसीव्हर बदलावा लागत नाही.

एचडीएमआय २.१, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीची ही आवृत्ती, हवीच का? गेमसाठी १२० हर्ट्‌झचं ४के चित्र रिसीव्हरमधून न्यायचं असेल, तरच. नाहीतर गेमचं यंत्र थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईआर्कच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच उलट आणणाऱ्या सोयीच्या, वाटेने रिसीव्हरकडे आणा. टीव्हीलाही ईआर्क असायला हवा, तरच ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी, म्हणजे काहीही न गमावलेला मूळ आवाज, त्या वाटेने येतो. साध्या, म्हणजे आधीच्या पिढीच्या, आर्कमधून स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस येतो, ट्रूएचडी येत नाही. एवढं जमत असेल, तर मागच्या वर्षीचं वरच्या पायरीचं मॉडेल उतरत्या किमतीत उचला. यंदाच्या खालच्या पायरीपेक्षा ते बहुधा सरस निघतं.

वापरलेला रिसीव्हर मिळत असेल तर तोही चालेल, पण प्रत्येक एचडीएमआय पोर्ट आणि प्रत्येक चॅनल समोर वाजवून बघा. आणि तो मोजमापाचा मायक्रोफोन खोक्यात आहे ना, हे विसरू नका. दुसऱ्या बनावटीचा मायक्रोफोन लावून काम भागत नाही, मापं चुकतात.

नमस्कार.