उप्साला : डोळ्यांनी शिकवणारे शहर

श्रोतेहो, स्वीडनला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक स्टॉकहोम पाहून परततात आणि तिथून उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर असलेले उप्साला राहून जाते, याची मला मनापासून हळहळ वाटते. इथले विद्यापीठ १४७७ साली स्थापन झाले. नॉर्डिक देशांमधले ते सर्वांत जुने विद्यापीठ. शिकवणे म्हणजे नीट पाहायला लावणे, ही गोष्ट या गावात जागोजागी दिसते.

तेव्हा सुरुवात गुस्ताव्हियानुम या इमारतीपासून करावी. तिच्या घुमटाखाली ओलोफ रुडबेक या प्राध्यापकाने १६६० च्या दशकात शरीरशास्त्राचे प्रेक्षागृह बांधले. मध्यभागी एक मेज आणि त्याभोवती इतके उभ्या चढणीचे लाकडी कठडे की, शेवटच्या ओळीतल्या विद्यार्थ्यालाही मान वाकवली की थेट मेजावर नजर टाकता यावी. बसायला जागा नाही, सर्वांनी कठड्याला रेलून उभे राहायचे. वरच्या खिडक्यांतून उजेड खाली उतरतो. प्रत्यक्ष मानवी शवविच्छेदने इथे फार थोडी झाली. तरीही त्या कठड्याशी उभे राहिल्यावर ‘पाहणे’ या शब्दाचे वजन कळते.

याच रुडबेकने १६५५ मध्ये वनस्पती उद्यान सुरू केले. १७०२ च्या भीषण आगीनंतर त्याची पार रया गेली होती. वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने १७४० च्या दशकात ते पुन्हा उभे केले. आज तिथले वाफे त्याच्या वर्गीकरणानुसार लावलेले आहेत. आपल्या आंब्याचे ‘मँजिफेरा इंडिका’ आणि पिंपळाचे ‘फायकस रिलिजिओसा’ ही शास्त्रीय नावे त्यानेच १७५३ साली दिली. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना या नावांपुढे येणारे ‘एल’ हे अक्षर ठाऊक असते; ते अक्षर म्हणजे लिनियस, आणि त्याचे राहते घर याच बागेला लागून आहे. तो विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेर वनस्पती पाहायला निघे, आणि ती मंडळी शिंगे-नगारे वाजवत परत येत. त्या वाटांवरून आजही चालता येते.

जवळच्याच रस्त्यावर आंदेर्स सेल्सियसचे घर आहे. १७४२ मध्ये त्याने मांडलेल्या तापमानपट्टीत पाणी उकळण्याचा बिंदू शून्य आणि गोठण्याचा शंभर होता. तो क्रम पुढे उलटवण्यात आला.

कारोलिना रेदिविवा या ग्रंथालयाला मात्र निवांत वेळ द्यावा. तिथे ‘चंदेरी बायबल’ आहे. सहाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा इटलीतल्या राव्हेना येथे, जांभळ्या रंगात रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली ही गॉथिक भाषेतली पोथी १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने प्रागहून लुटून आणली. गॉथिक भाषा बोलणारे आज कोणी उरलेले नाही, आणि त्या भाषेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे या पानांमुळेच. काचेतून ती अक्षरे पाहताना मी कितीतरी वेळ जागचा हललो नाही.

कॅथेड्रल शेवटी ठेवा. त्याचे मनोरे ११८ मीटरांहून उंच आहेत आणि आत गुस्ताव्ह वासा राजाची भव्य समाधी आहे. तिथून परत दाराकडे येताना जमिनीत बसवलेला एक साधा दगड लागतो. त्याखाली लिनियस आहे.