सूज उंदराची, दुखणं माणसाचं

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मागं आवाज येतोय का? बरं. विषय लकव्यानंतर मेंदूला येणाऱ्या सुजेचा, उंदरांत बरी होणारी सूज माणसांत का ऐकत नाही याचा. एवढ्या पावसातही तुम्ही आलात. शेवटी कुंदा आहे हे फुटलेलं दिसतंय.

पाय मुरगळला तर सूज बाहेर पसरते, फार तर चप्पल बसत नाही. मेंदू मात्र कवटीच्या डब्यात. मोठी रक्तवाहिनी तुंबली की पेशी सोडियम आणि पाणी ओढून फुगतात, मग रक्त आणि मेंदू यांच्यामधली सीमा ढिली पडते. सीमा म्हटल्यावर पहिली रांग सावरून बसली! ती नव्हे हो. तिचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. हिचा निकाल दोन ते पाच दिवसांत लागतो.

आता माझं रडगाणं. शिकत असताना एका कॉलेजात, नाव नको, उंदरांवर काम करायचो. पद्धत 1989 पासून रुळलेली: उंदराला भूल द्यायची, नायलॉनच्या धाग्याचं टोक आचेवर गोल करून तो मानेतल्या धमनीतून वर सरकवायचा, की मेंदूतल्या मधल्या धमनीचं तोंड बंद. दुसऱ्या दिवशी सूज मोजायची. ती युक्ती आपल्या आजीलाही सुचली असती. ओला मेंदू तोलायचा, ओव्हनमध्ये शंभरेक अंशांवर दिवसभर सांडग्यासारखा वाळवायचा, पुन्हा तोलायचा. घटलं तेवढं पाणी. धडधाकट मेंदूतच 78-79 टक्के पाणी असतं, त्यामुळे सगळा खेळ दोन-चार टक्क्यांचा.

जुलै महिना. बारा उंदीर, सहांना औषध, सहांना नुसतं सलाईन. फॉइलच्या वाट्यांवर पेन्सिलीनं नंबर. रात्री लाईट गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. सकाळी तुकडे काळपट, पण बोटाला मऊ. हवेतलं पाणी पिऊन बसलेले. वाळलेलं वजन जास्त भरलं की हिशेबात पाणी कमी दिसतं, म्हणजे सूज कमी! औषधवाल्या सहांचे आकडे बघून मी खूश, लगेच वहीत उतरवले. सलाईनवाल्यांचे आले तेव्हा म्हटलं, हे दमट राहिलेत, परत ओव्हनमध्ये टाकू. कुठली वाटी कुणाची, मला पाठ होतं ना!

आमचे शिपाईमामा झाडू टेकवून बघत होते. म्हणाले, “सर, हीच का परत ठेवलासा? तीबी तेवढीच दमट हाईत की.”

शपथेवर सांगतो, लबाडी करतोय हे मला तोवर उमगलंच नव्हतं. बाराच्या बारा आकड्यांवर काट मारली. बारा जीव फुकट गेले. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: तराजूवर बसणाऱ्याला औषध कुणाला दिलं याचा पत्ता नको. विभागात मला चेष्टेनं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि विषय राहिलाच की!

तर पटकन. ग्लिबेनक्लामाइड, शुगरची जुनी गोळी, इथं कित्येकांच्या घरात असेल. पेशी फुगवणारी एक वाट ती अडवते. 2006 मध्ये उंदरांत सूजही घटली, मृत्यूही घटले. मग पाचशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, झटक्यापासून दहा तासांच्या आत शिरेतून औषध. 2024 मध्ये निकाल छापून आला: रुग्ण पुढं किती सावरला, यात फरक दिसला नाही.

याचं एकच कारण नसणार. पण बघा, प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण, नर, निरोगी. धागा कधी घातला ते घड्याळ बघून लिहिलेलं. आपला माणूस पासष्टीचा, बीपी, शुगर, पहाटे उठला तेव्हा तोंड वाकडं. झटका कधी आला कुणास ठाऊक. त्यात खानापूरच्या रानातल्या वाडीवरून इथवर यायचं. तज्ज्ञांनी 1999 मध्ये यासाठी शिफारशी केल्या, 2009 मध्ये वाढवल्या: गट चिठ्ठ्या टाकून पाडा, म्हातारे-आजारी प्राणीही घ्या आणि मोजणाऱ्याला अंधारात ठेवा. आमच्या मामांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

माणसांत ठोस काय ठरलं? कवटीचा तुकडा काढून सुजेला जागा देणं. युरोपातल्या तीन चाचण्यांचा एकत्र हिशेब 2007 चा: साठीपर्यंतचे 93 रुग्ण, ऑपरेशन 48 तासांच्या आत. वर्षानं ऑपरेशनवाल्यांतले 78 टक्के हयात, बाकीच्यांतले 29. हयात म्हणजे चालते-बोलते असं नव्हे, तेही सांगायला हवं.

सूज उतरवायला शिरेतून देतात त्या मॅनिटॉलचं राहिलं. काका, तुमचा हात मघापासून वर आहे, दिसतोय मला. कुंदा खाताना विचारा.