जवाच्या पिठाने आखलेले शहर

श्रोतेहो, नमस्कार. आज इजिप्तच्या किनाऱ्यावरील अलेक्झांड्रियाविषयी बोलायचे आहे. इसवी सनपूर्व ३३१ मध्ये सिकंदराने भूमध्य समुद्र आणि मारेओटिस सरोवर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर हे शहर वसवले. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो की, आखणीसाठी खडू मिळेना म्हणून काळ्या जमिनीवर जवाच्या पिठाने रेघा ओढल्या, तेवढ्यात पाखरांचे थवे उतरले आणि त्यांनी पिठाचा कणही शिल्लक ठेवला नाही. सिकंदर चरकला, पण हे शहर नाना देशांच्या माणसांना पोसेल, असा अर्थ जाणकारांनी लावला. प्लुटार्कने हे चारशेहून अधिक वर्षांनी लिहिले, तेव्हा कथा रचलेली असेलही. भाकीत मात्र खरे ठरले.

जागा अगदीच ओसाड नव्हती. तिथे राकोटिस नावाची वस्ती होती, आणि स्थानिक इजिप्शियन लोक पुढेही शहराला त्याच नावाने ओळखत राहिले. रोमन मंडळी तर त्याला ‘इजिप्तलगतचे अलेक्झांड्रिया’ म्हणत, म्हणजे इजिप्तच्या शेजारचे, पण इजिप्तमधले नव्हे. हा दुरावा राजवाड्यातही होता. सिकंदरानंतर टॉलेमी या ग्रीक घराण्याने इथून इजिप्तवर जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले, पण प्रजेची भाषा शिकली ती, प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे, शेवटची क्लिओपात्राच.

ग्रीक आणि इजिप्शियन या दोन्ही समाजांना जोडण्यासाठी टॉलेमींनी सेरापिस या देवाला राजाश्रय दिला. मूळ ओसायरिस आणि एपिस या इजिप्शियन दैवतांचे, चेहरा मात्र दाढीधारी ग्रीक देवाचा, आणि डोक्यावर आपल्या पायलीसारखे धान्याचे माप! ज्यूंची इथली वस्तीही मोठी होती. त्यांच्या धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर इथेच सुरू झाले. मात्र हे सहजीवन गोडीगुलाबीचेच होते असे समजू नये, कारण इसवी सन ३८ मध्ये याच शहरात ज्यूंची घरे लुटली गेली आणि माणसे मारली गेली.

कोकणाशीही या शहराचा धागा जुळतो. इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण यांची नावे आहेत. हिंदुस्थानातला माल तांबड्या समुद्रातील बंदरांवर उतरे, उंटांवरून नाईलपर्यंत जाई आणि तिथून नावांनी अलेक्झांड्रियाला पोहोचे. माणसेही जात असावीत. कारण डिओ क्रिसोस्टम हा वक्ता अलेक्झांड्रियाच्या नाट्यगृहात, घोड्यांच्या शर्यतींपायी वेड्या झालेल्या नागरिकांना खडे बोल सुनावताना, श्रोत्यांमध्ये सीरियन, अरब, इराणी यांच्याबरोबर काही हिंदी माणसेही दिसत असल्याचे सांगतो.