दुपारी वाचली जाणारी नावं

नमस्कार श्रोतेहो.

कॅनडाच्या मधल्या सपाट गवताळ पट्ट्याला प्रेरी म्हणतात, तिथे सस्कॅचवान नावाचा प्रांत आहे. तिथल्या छोट्या गावांच्या रेडिओवर दुपारी आधी हवामान सांगतात, मग धान्याचे भाव, आणि मग गेलेल्यांची नावं वाचतात. नाव, वय, गाव, अंत्यविधी कोणत्या चर्चमध्ये आणि किती वाजता, आणि त्यानंतर जेवण कुठे. एवढंच. राहुरीला शेती शिकून मी तिकडे गेलो आणि काही वर्षं एका एलिव्हेटरवर नोकरी केली. एलिव्हेटर म्हणजे शेतकऱ्याचं धान्य जोखून, तपासून विकत घेण्याची जागा. ट्रकची कितीही मोठी रांग असो, नावं वाचायला सुरुवात झाली की ड्रायव्हर इंजिन बंद करायचे. ऐकून झालं की पुन्हा चालू.

मला सुरुवातीला याचं नवल वाटलं. मग त्या मुलखाचा आवाका ध्यानात आला. सस्कॅचवान आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे, आणि 2021 च्या जनगणनेत तिथली माणसं भरली सव्वाअकरा लाखांच्या आसपास. 1872 च्या कायद्याने दहा डॉलर नोंदणी फी घेऊन 160 एकर जमीन मिळायची. अट अशी की तिथेच राहायचं, घर बांधायचं आणि जमीन मोडून वहितीखाली आणायची. म्हणून प्रत्येकाचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. शेजारी अर्ध्या मैलावर, मैलावर. युक्रेनचे, जर्मनीचे, नॉर्वेचे लोक एकमेकांची भाषा न समजता शेजारी झाले आणि हिवाळ्यात उणे 40 मध्ये एकमेकांच्या दाराशी गेले. पुढे गावं आटली. 1933 मध्ये कॅनडाच्या या पट्ट्यात 5,700 हून जास्त एलिव्हेटर होते, आता काहीशेच उरलेत. एलिव्हेटर गेला की आगगाडी जाते, मग शाळा, मग दुकान. अशा गावातलं एक माणूस गेलं तर ते सगळ्या गावाला जाणवतं.

साप्ताहिकात त्या माणसाबद्दल मजकूर येतो, तो मी आवडीने वाचायचो. आपल्याकडे असतं तसं 'त्यांच्या पश्चात' तिथेही असतं, मुलं, सुना, जावई, नातवंडं, सगळी नावानिशी. पण त्याच्या जोडीला आधी गेलेल्यांचीही यादी असते. आईवडील, भाऊ, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी जन्मताच गेलेलं एखादं बाळ, तेसुद्धा. आणि मग त्या माणसाने काय केलं ते. कोणत्या साली शेवटची पेरणी केली. बर्फावरची हॉकी खेळायच्या गावच्या मैदानाला रात्री पाणी मारून बर्फ कोण धरवायचं. उसनं नेलेलं अवजार धुऊन परत कोण करायचं. लक्षात ठेवा, काय केलं ते सांगतात. मनमिळाऊ, सुस्वभावी, असले शब्द फार कमी.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे माझ्या मनात नेहमी खदखदतं. आपण मोबाइलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढे दोन शब्द पुढे ढकलतो आणि हात झटकतो. एकाने लिहिलं की खाली चाळीस जण तेच चिकटवतात. गेलेल्या माणसाबद्दल त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. त्याऐवजी एक ओळ लिहा. ते माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभे होते, एवढी लिहा. त्यांच्या घरच्यांना ती ओळ हवी असते.

तर प्रेरीत अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं. हॅम घातलेले बन, अंड्याचे सँडविच, लोणची, आणि खजूर भरलेला एक केक, त्याला तिकडे मॅट्रिमोनिअल केक म्हणतात. मेनोनाइट पंथाच्या गावात मनुका घातलेले पाव असतात. युक्रेनियन घरात शिजवलेल्या गव्हात मध घालतात आणि चाळिसाव्या दिवशी पुन्हा प्रार्थना करतात. स्वयंपाक गावातल्या बाया वाटून घेतात. कोणाला फोन करावा लागत नाही.

मोठा आघात झाला तेव्हाही हेच दिसलं. 6 एप्रिल 2018 ला हम्बोल्ट गावच्या हॉकी संघाची बस सामन्याला निघाली होती. आर्मलीजवळच्या चौकात ट्रकशी टक्कर झाली. बसमध्ये 29 जण होते, त्यांपैकी 16 गेले. बहुतेक विशीच्या आतबाहेरची मुलं. त्यांच्याबरोबर गावच्या रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा तरुणही गेला, आमच्याच धंद्यातला, म्हणून त्याची आठवण मी इथे मुद्दाम काढतो. त्यानंतर कॅनडाभर लोकांनी दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या. त्यातल्या एका खेळाडूने एकविसावा वाढदिवस झाल्यावर अवयवदानाची नोंद केली होती. त्याचे अवयव सहा जणांना मिळाले, आणि 7 एप्रिलला दरवर्षी तिथे हिरवे शर्ट घालून लोकांना त्या नोंदणीची आठवण करून देतात.

आता मी तुम्हाला आमच्या एलिव्हेटरवर येणाऱ्या एका आजोबांची गोष्ट सांगतो. ही मी जिथे जातो तिथे सांगतो. नाव सांगत नाही, त्यांचं कुटुंब अजून तिथेच शेती करतं.

हे आजोबा मसूर पेरायचे. आपल्याकडे येणारी कॅनडाची मसूर बहुतेक याच प्रांतात पिकते. सस्कॅचवान विद्यापीठाने 1978 मध्ये लेअर्ड नावाचं वाण काढलं आणि गव्हाच्या मुलखात मसुरीला पाय ठेवायला जागा मिळाली. आणि मसुरीला आपण दुय्यम समजतो ते मला अजिबात पटत नाही. तूर संपली म्हणून मसूर, असं का? इस्लामपूर, कोल्हापूरकडचा अख्खा मसूर खाल्लेला माणूस असं म्हणणार नाही. असो.

आजोबांची एक पद्धत होती. माल आणायच्या आधी ते नमुना आणायचे, कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यावर पट्टी, पट्टीवर पेन्सिलीने शेताचं नाव. मी ओलावा मोजायचो, ते यंत्राच्या काट्यावर झुकून बघायचे आणि म्हणायचे, 'पुन्हा एकदा.' मी पुन्हा मोजायचो. तोच आकडा यायचा. मग डब्याचं झाकण लावून समाधानाने निघायचे.

मसुरीचं झाड लहान, गुडघ्याच्याही खाली. शेंगा जमिनीजवळ लटकतात. म्हणून कापणी करताना कंबाइनचं, म्हणजे कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचं, पुढचं पातं जवळजवळ मातीला टेकवून चालवावं लागतं. आणि तिथल्या मातीत दगड फार. हिमनद्यांनी आणून टाकलेले. हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात सुटते, आणि दरवर्षी खालचे दगड वर येतात. पात्यात एक दगड गेला की यंत्र मोडतं, हजारो डॉलरचा खर्च, आणि ऐन हंगामात दोन-तीन दिवस वाया. त्यामुळे दगडांच्या भीतीने माणूस पातं थोडं वर ठेवतो, आणि खालच्या शेंगा रानातच राहतात. हे लक्षात ठेवा. पातं वर, तर शेंगा रानात.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आजोबा गेले. हृदयविकार. दुपारी रेडिओवर नाव वाचलं गेलं तेव्हा मी काट्यावर होतो, समोरच्या ट्रकमधला माणूस टोपी काढून बसला. शुक्रवारी अंत्यविधी झाला. मसूर वाळून उभी होती. रविवारी रात्री पाऊस सांगितलेला. भिजली की शेंगा फुटतात, दाण्याचा रंग उतरतो, भाव पडतो.

गावातल्या सहकारी दुकानात म्हाताऱ्या शेतकऱ्यांचं एक टेबल असतं, सकाळी तिथे कॉफीला जमतात. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. मला एवढंच सांगितलं की शनिवारी एलिव्हेटर उघडा ठेव.

शनिवारी अकराच्या सुमाराला दव उडालं आणि रस्त्याने कंबाइन यायला लागले. हिरवे, लाल, पिवळे, ज्याच्या घरी जे होतं ते. आठ कंबाइन. मागे धान्याचे ट्रक, डिझेलचा टँकर. या प्रत्येकाचं स्वतःचं पीक घरी उभं होतं, आणि पाऊस त्यांच्याही शेतात पडणार होता. श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो. त्यांचं स्वतःचं पीक उभं होतं.

दुपारी ट्रकची गडबड जरा ओसरली तेव्हा मी शेतावर गेलो. थोड्या वेळाने आजी आल्या, आजोबांच्या पत्नी. काल नवऱ्याला पुरलं होतं. गाडीच्या डिकीत पांघरुणात गुंडाळलेली भांडी, बन, काकडीचं लोणचं, चहाचे थर्मास. बायाबापड्या म्हणाल्या, अहो, तुम्ही कशाला, आम्ही आणलंय. त्या म्हणाल्या, 'कापणीचं जेवण मी नेते. दरवर्षी मीच नेते.' आणि वाढायला लागल्या.

वाढता वाढता त्यांचं लक्ष एका कंबाइनकडे गेलं. त्यावर शेजारचा पोरगा होता, विशीतला. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि कापलेल्या रानातून तशाच चालत निघाल्या. कंबाइनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पोराने घाबरून यंत्र थांबवलं, खाली उतरला. आजी गुडघ्यावर बसल्या, बुडख्यांमधल्या शेंगा चाचपून तोडल्या आणि पोराच्या तळहातावर ठेवल्या.

'एवढं वर का धरलंयस?'

पोरगा म्हणाला, 'दगडांना भितो, बाई.'

तेव्हा आजी म्हणाल्या, 'इथे दगड नाहीत. त्यांनी वेचलेत. खाली घे.'

सगळे ऐकत होते. शेताच्या कोपऱ्यात तो ढीग दिसत होता, माणसापेक्षा उंच, लांबच्या लांब. चाळीस-बेचाळीस वसंत त्यांनी ते दगड वेचले होते, आधी हातांनी आणि घोड्याच्या घसरगाडीवर, मग ट्रॅक्टरने. पोरं लहान असताना पोरांना घेऊन, पोरं शहरात गेल्यावर एकट्याने. आदल्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं होतं. पण दगड वेचल्याचं कोणी बोललं नव्हतं.

पोराने पातं खाली घेतलं. त्याचं बघून बाकीच्या सातांनी घेतलं. स्वतःच्या शेतात कोणी घेतलं नसतं इतकं खाली. अंधार पडून दव येईपर्यंत आठही कंबाइन मातीला पातं टेकवून चालले, आणि दिवसभरात एकाच्याही पात्यात दगड गेला नाही.

रात्री शेवटचा ट्रक काट्यावर आला तेव्हा ड्रायव्हरने मला कॉफीचा डबा दिला. शेताचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं. मी ओलावा मोजला. तो म्हणाला, 'पुन्हा एकदा.' मी पुन्हा मोजला.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात घरच्यांनी आभार छापले. तशी तिथे रीत आहे. कंबाइन कोणी आणले, डिझेल कोणी दिलं, बन कोणी भाजले, एकेक नाव. असे आभार, असे मृत्यूचे मजकूर कापून घरोघरी वहीत चिकटवलेले असतात. 1980 मध्ये प्रांताला 75 वर्षं झाली तेव्हा शेकडो गावांनी आपापल्या घराण्यांच्या आठवणींची जाडजूड पुस्तकं काढली, तेव्हा अशा वह्या उपयोगी पडल्या. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या इथल्या सैनिकांची नावं उत्तरेतल्या तळ्यांना, बेटांना दिलीत, तीही चार हजारांहून जास्त.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही. ही जमीन 160 एकरांच्या तुकड्यांनी वाटली गेली, त्याच सुमाराला तिथल्या मूळ लोकांशी करार केले गेले. दक्षिणेचा चौथा करार 1874 चा. त्यांची मुलं घरून उचलून वसतिशाळांमध्ये घातली गेली, आणि अनेक परत आली नाहीत. त्यांची नावं कोणत्या रेडिओने वाचली नाहीत. 2021 च्या जूनमध्ये या मूळ लोकांपैकी काउएसेस समाजाने मॅरिव्हल इथल्या जुन्या शाळेजवळ रडारने जमीन तपासली, तेव्हा नाव नसलेल्या 751 कबरींच्या खुणा मिळाल्या. त्यात मुलं आहेत, मोठी माणसंही आहेत. तिथल्या कबरींवरचे नावांचे दगड 1960 च्या दशकात चर्चच्या माणसांनी काढून टाकले, असं समाजाच्या प्रमुखांनी सांगितलं.

प्रेरीतल्या आठवणींचं सगळ्यात मोठं काम आज हेच आहे असं मी मानतो. ते काम त्या समाजातली माणसं स्वतः करताहेत. चर्चच्या आणि सरकारच्या नोंदी एकीकडे, आणि दुसरीकडे म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं, कोणाची बहीण त्या शाळेत गेली, कोणत्या हिवाळ्यात गेली, कुंपणाच्या कोणत्या बाजूला कोणाला पुरल्याचं आजी सांगायची. 2022 च्या सुरुवातीपर्यंत त्यांनी असं करत करत जवळपास 300 नावं जुळवली होती.

नमस्कार.