वागणं टिकतं ते नंतरच्या क्षणावर

एखाद्याचं त्रासदायक वागणं बदलायचं कसं, या आजच्या विषयात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एका प्रश्नात, "हा असा का वागतो?" आणि उत्तरं तयारच असतात, हट्टी आहे, आळशी आहे, लाडावून ठेवलाय. बरं, आहे हट्टी, मग पुढे करायचं काय? बिहेवियर थेरपीत, म्हणजे वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, आम्ही विचारतो की वागण्याच्या अगदी आधी काय घडलं, नेमकं केलं काय, आणि लगेच नंतर काय झालं. मला यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

समजा एक माणूस घराला कुलूप लावून निघाला, जिन्यापर्यंत आला आणि डोक्यात आलं, लागलं ना नक्की? पोटात गोळा. परत जातो, कुलूप ओढून बघतो, हुश्श. सगळी मेख या हुश्शमध्येच आहे बघा. परत जाऊन बघितलं की भीती जाते हे तो शिकला, पण न बघता गेलो असतो तर काही झालं असतं का, हे कळायची संधीच त्याने स्वतःला दिली नाही. मग उद्या दोनदा ओढून बघणं, परवा मोबाईलमध्ये फोटो, नंतर बायकोला फोन, "तू बघितलंस ना?" ती प्रेमापोटी "हो हो, लागलंय" म्हणते, तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटतं आणि तासाभराने शंका परत हजर. भीती शिकली जाते आणि टाळाटाळीमुळे टिकून राहते, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ मॉवररने १९४७ मध्येच केली होती.

१९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयरने ओसीडीच्या (नको ते विचार परत परत येतात आणि तीच तीच क्रिया केल्याशिवाय राहवत नाही, असा आजार) दोन पेशंटबद्दल लिहिलं, त्यांना भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरं जायला लावलं आणि नंतरची ती ठरलेली क्रिया करू दिली नाही. त्यातूनच एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन उभं राहिलं, आज ओसीडीत पहिल्यांदा सुचवल्या जाणाऱ्या उपचारांपैकी एक. हे जबरदस्तीने करायचं नसतं हं, पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, सोप्याकडून अवघडाकडे जायचं.

मग यात विचारांचं काय? १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एलिस आणि १९६० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ बेक, दोघांनीही विचारांना थेरपीत मध्यभागी आणून बसवलं. कुलूपवाल्याच्या मनात बहुतेक वेळा असं असतं की मी बघितलं नाही आणि चोरी झाली तर सगळा दोष माझाच. यावर नुसता वाद घालून फारसं काही हलत नाही असं माझं मत आहे. त्यापेक्षा त्याला आधी कागदावर लिहायला लावायचं, आज न बघता गेलो तर चोरी होईल असं मला किती टक्के वाटतं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर खरं काय झालं ते त्याच्याच शेजारी लिहायचं.

आता मुलांकडे येते, कारण तिथे एकच वागणं वरून सारखं दिसतं आणि आतून अगदी उलटं असतं. वर्गात गणित सुरू झालं की दोन मुलं आरडाओरडा करतात, टीचर दोघांनाही बाहेर काढतात. एकाला सगळ्यांचं लक्ष हवं होतं, ते गेलं, म्हणून त्याचं ओरडणं कमी होऊ शकतं, दुसऱ्याला गणितच नको होतं, त्याला तर हवं तेच मिळालं, उद्या तो आणखी लवकर ओरडणार. म्हणून आधी काय घडलं, केलं काय आणि नंतर काय झालं याची आठवडाभर डायरी ठेवा म्हणते मी, शिक्षेचं नंतर बघू. आणि नुसतं दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर सुरुवातीला ओरडणं वाढू शकतं, त्या वाढलेल्या ओरडण्याला घाबरून चौथ्या दिवशी नमतं घेतलंत की मूल शिकतं, जास्त ओरडायचं.

गणित नको असलेल्या त्या दुसऱ्या मुलाला वेगळा रस्ता द्यावा लागतो. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं, मूल वागण्यातून जे मागतंय ते नीट मागायला शिकवलं की त्रासदायक वागणं कमी होतं. म्हणजे त्याला "मला मदत हवी" किंवा "थोडा ब्रेक हवा" म्हणायला शिकवायचं, बोलता येत नसेल तर कार्ड दाखवायला. सुरुवातीला त्याने मागितलं की ब्रेक लगेच द्यायचा, दर वेळी द्यायचा, कारण ओरडण्यापेक्षा हा रस्ता झटपट नसेल तर ते मूल परत ओरडण्यावरच येणार, आणि गणित किती वेळ करायचं हे त्यानंतर हळूहळू वाढवत न्यायचं.