सरळ नळी आणि शिजलेली शेवई

मित्रहो, आधी फळ्यावर एक हिशेब मांडतो. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी. तिचा ताठपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, साधारण १,००० गिगापास्कल. इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, म्हणजे एका पॉलिमरचा, सुमारे ३. इपॉक्सीत आकारमानाने १ टक्का नळ्या घातल्या, सगळ्या अखंड आणि एकाच दिशेने, तर साध्या मिश्रण-नियमाने, म्हणजे ज्याचा जितका वाटा तितका त्याचा ताठपणा धरून, उत्तर येतं सुमारे १३ गिगापास्कल. चौपटीहून जास्त! १९९१ साली सुमिओ इजिमा यांचा या नळ्यांवरचा शोधनिबंध आला आणि पुढे अनेकांना भुरळ पडली ती याच हिशेबाची.

प्रत्यक्षात काय झालं? २००० साली अमेरिकेत पॉलिस्टायरीन या दुसऱ्या पॉलिमरमध्ये वजनाने १ टक्का नळ्या घालून मोजलं, तर ताठपणा ३६ ते ४२ टक्क्यांनी वाढला. पॉलिमर वेगळा, वजन आणि आकारमानही एक नव्हे, हे सगळं धरलं तरी चौपट कुठे आणि हे कुठे?

हिशेब आणि प्रयोग यांच्यामधली गळती शोधणं हे गणिती मॉडेलचं खरं काम. नळ्या चहूदिशांना विखुरल्या की त्यांचा हातभार ढोबळमानाने पाचवा हिस्सा उरतो; आपले १३ तिथेच ५ वर येतात. शिवाय नळी सरळ नसते. खिरीतली शिजलेली शेवई आठवा. ओढलीत तर आधी तिचा बाक सुटतो, ताण नंतर येतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे वस्तूचे संगणकावर छोटे तुकडे पाडून हिशेब करत, नागमोडी नळी पॉलिमरमध्ये बसवून पाहिली, तेव्हा थोड्याशा बाकानेही तिची उपयुक्तता बरीच घसरली. मातीच्या भिंतीत काड मिसळतात, त्या काडाला माती धरून ठेवते. इथे गुळगुळीत नळीला पॉलिमर किती धरतो, हा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड.

आता एका गोष्टीपाशी जरा थांबू. नळीची भिंत किती जाड? एकपदरी नळी घेतली, तर ती अणूंच्या एकाच थराची! ग्रॅफाइटच्या थरांमधलं अंतर, ०.३४ नॅनोमीटर, हीच जाडी मानली तर मॉड्युलस १ टेरापास्कलच्या, म्हणजे १,००० गिगापास्कलच्या, आसपास येतो. याकॉबसन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली जाडी ०.०६६ नॅनोमीटर धरली आणि मॉड्युलस ५.५ टेरापास्कल आला. दोन्हीकडे जाडी आणि मॉड्युलस यांचा गुणाकार करून बघा: ०.३४ आणि ०.३६. नळी तीच आहे, बदललं ते आपलं गृहीतक. म्हणून एका निबंधातली जाडी आणि दुसऱ्यातला मॉड्युलस उचलून मॉडेलमध्ये घालू नका. मी विद्यार्थ्यांच्या फाइलींमध्ये ही चूक आधी शोधतो.

मग थेट अणूच का हलवू नयेत? रेणू-गतिकीत, म्हणजे संगणकावर एकेक अणू हलवून बघण्याच्या पद्धतीत, एक पायरी साधारण १ फेम्टोसेकंदाची, म्हणजे नॅनोसेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची. १० लाख पायऱ्या चालवल्या की १ नॅनोसेकंद होतो. तेवढ्यात नमुना १ टक्का ताणायचा, तर प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या कोट्यवधी पट वेगाने ओढावा लागतो, आणि पॉलिमरच्या साखळ्यांना सैल व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून अणूंच्या पातळीवर फक्त नळी आणि पॉलिमरमधली पकड मोजायची, आणि तो आकडा अख्ख्या नमुन्याच्या मोठ्या मॉडेलला द्यायचा. बाक मात्र कुठल्याही सिम्युलेशनमधून मिळणार नाही. तो आपल्याच नमुन्याच्या सूक्ष्मदर्शकी फोटोवर, एकेक नळी गिरवून, हाताने मोजावा लागतो.